सारीपाटाचा फासा, लुडोचा फासा आणि कवड्या : नेमके शब्द कोणते?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

सप्रेम नमस्कार. आमच्या लाकूडकामाच्या गाळ्यात आम्ही जुन्या बैठ्या खेळांचे संच तयार करीत आहोत. त्यांत सारीपाट, पचीसी, चल्लस-आठ आणि लुडो हे खेळ आहेत. प्रत्येक संचाबरोबर मराठी माहितीपत्रक द्यायचे आहे. लुडोच्या ठोकळ्याला ‘फासा’ म्हणावे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. परंतु सारीपाटाचा फासा लांबट असतो आणि त्याच्या चारच बाजूंवर ठिपके असतात, म्हणून त्याला ‘चतुष्फलकी फासा’ असे वेगळे नाव द्यावे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. पचीसीच्या कवड्यांनाही ‘फासे’ म्हणावे काय? तसेच ‘दान’ आणि ‘डाव’ हे शब्द आम्ही सरमिसळ वापरत आहोत, ते योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण माहितीपत्रकावर छापलेला शब्द घरोघरी जातो आणि मुले तोच शब्द शिकतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘चतुष्फलकी’ हा शब्द कृपा करून वापरू नये. भूमितीत ‘चतुष्फलक’ म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठे असलेली घनाकृती, आणि सारीपाटाच्या फाशाचा आकार तसा मुळीच नसतो. आपल्या शालेय पुस्तकांच्या भाषेत सांगायचे तर तो लांबट इष्टिकाचिती आहे. म्हणजे त्याला पृष्ठे सहाच असतात, मात्र दोन टोकांची लहान पृष्ठे कोरी असतात आणि लांब बाजूंच्या चार पृष्ठांवरच ठिपके असतात. टोकावर तो उभा राहत नाही, म्हणून तेथे ठिपक्यांची गरजच नसते. आजही नेमके चतुष्फलक आकाराचे फासे काही आधुनिक खेळांत वापरले जातात, त्यामुळे हे नाव वाचून जाणकार ग्राहक वेगळीच वस्तू मागवल्याच्या समजुतीत राहील.

मराठीत या वस्तूला पूर्वीपासून ‘फासा’ हाच शब्द आहे, आणि लुडोच्या ठोकळ्याने तो सारीपाटाकडून घेतला आहे. लुडो हा खेळ इंग्लंडमध्ये पचीसीवरून बेतला गेला आणि १८९६ साली तेथे त्याचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा ठोकळा त्या रूपात आला. तेव्हा मूळच्या वस्तूला नवे विशेषण चिकटवण्यापेक्षा खेळाच्या नावाने फरक दाखवावा : ‘सारीपाटाचे फासे’ आणि ‘लुडोचा फासा’. सारीपाटाचे दोन किंवा तीन फासे एकदम टाकतात, त्यामुळे तेथे अनेकवचन आपोआप येते. आकार स्पष्ट करणे भागच असेल, तर ‘लांब फासा’ असे साधे लिहावे.

संस्कृत ‘पाशक’ या शब्दापासून ‘फासा’ आला. त्याच्याजवळचा ‘पाश’ शब्द मराठीत ‘फास’ झाला आणि त्यातून ‘फासेपारधी’ हे नाव पडले. तेथील फासे म्हणजे शिकारीसाठी लावलेले फास होत, खेळातले नव्हेत. ‘फासा’चे सामान्यरूप ‘फाशा’ होते, ‘मासा’चे ‘माशा’ होते त्याप्रमाणे. त्यामुळे पत्रकात ‘फाशावर’, ‘फाशांची बेरीज’ असे लिहावे. ‘फास्यावर’ हे रूप अलीकडे सर्रास दिसते, पण ते चुकीचे आहे.

ठिपक्यांबद्दलही लिहितो, कारण फासे आपण स्वतः कोरणार आहात. ‘आईन-ई-अकबरी’मध्ये अबुल फजलने चौपडीच्या (म्हणजे सारीपाटाच्याच) फाशांवर १, २, ५ आणि ६ असे ठिपके सांगितले आहेत, काही ठिकाणी १, ३, ४ आणि ६ असेही कोरतात. पहिल्या पद्धतीत १ च्या समोर ६ आणि २ च्या समोर ५ कोरल्यास समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात होते आणि आजच्या फाशाशी मेळ बसतो. हा मेळ फार जुना मात्र नाही : मोहेंजोदडोला सापडलेल्या घनाकृती फाशांवर सामान्यतः १ समोर २, ३ समोर ४ आणि ५ समोर ६ अशी मांडणी आहे.

आता १, २, ५, ६ चे तीन फासे टाकले, तर एकूण ६४ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या तीन प्रकारांत दोन षटके आणि एक एक्का येतो. हेच ‘पौ-बारा’. पौ म्हणजे एक आणि बारा म्हणजे दोन षटके. बेरीज तेरा, पण सहा, पाच आणि दोन पडूनही तेरा होतात (असे सहा प्रकार आहेत) आणि त्याला कोणी पौ-बारा म्हणत नाही. दान बेरजेवरून नव्हे, तर कोणता फासा कसा पडला यावरून ओळखले जाते, कारण फाशांचे आकडे वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटून देता येतात. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे भाग्य उजळणे. मराठीत मात्र त्याच दानाचे ‘पोबारा करणे’ झाले आणि अर्थ पळून जाणे असा ठरला. मोठे दान पडताच सोंगटी शत्रूच्या तावडीतून निसटते, त्यातून आपला अर्थ आला असावा, असे मला वाटते. पत्रकात या दानाचा उल्लेख अवश्य करावा. वर्तमानपत्रात ‘चोरट्यांनी पोबारा केला’ असे वाचणाऱ्या मुलाला तो शब्द या पटावरून उठून गेला आहे हे कळायलाच हवे.

पुरवणी (वाशी, नवी मुंबई)

वरील उत्तराशी सहमत आहे. कवड्यांविषयी लिहायचे राहिले आहे, म्हणून ही भर.

कवड्यांना ‘फासे’ म्हणू नये. तत्त्वतः दोन्ही एकाच कामाची साधने आहेत हे खरे, आणि ठिपके असलेलाच तो फासा असेही नाही : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारी ज्यांना दोष देतो ते अक्ष म्हणजे बेहड्याची फळे होती. मूठभर फळे चारचारच्या गटांत मोजत. काहीच उरले नाही तर कृत, आणि एक उरले तर कली. युगांची नावे आणि त्या दानांची नावे एकच आहेत. परंतु मराठी बोलणारा माणूस कवड्या हातात घेऊन ‘फासे टाकतो’ असे कधीच म्हणत नाही, तो ‘कवड्या टाकतो’ असेच म्हणतो. कवडी ‘उताणी’ किंवा ‘पालथी’ पडते, तर फाशावर ठिपके ‘पडतात’. हे शब्द पत्रकात जसेच्या तसे ठेवावेत. ‘कवडीची वरची बाजू’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला चीर वर की पाठ वर, हे कळणार नाही. ‘उताणी’ म्हणजे चीर वर, असे एकदाच स्पष्ट करावे.

चल्लस-आठला चारच कवड्या लागतात. चारही उताण्या पडल्या की चल्लस, म्हणजे चार. चारही पालथ्या पडल्या की आठ. खेळाचे नाव या दोन दानांवरूनच पडले आहे, जसे पचीसीचे नाव तिच्यातल्या पंचविसाच्या सर्वांत मोठ्या दानावरून पडले. कवड्या नसल्यास घराघरांत चिंचोके उभे फोडून वापरत. एक बाजू पांढरी आणि दुसरी तपकिरी. आपल्या संचात तेही ठेवता आले, तर उत्तम होईल, मात्र दोन्ही अर्धुके सारख्या जाडीची हवीत, नाही तर एकच बाजू वारंवार वर येते.

‘दान’ आणि ‘डाव’ यांची सरमिसळ करू नये. एका फेकीत जे पडते ते दान : ‘हवे ते दान पडले.’ डाव म्हणजे आपली पाळी किंवा संपूर्ण खेळ : ‘आता तुमचा डाव’, ‘एक डाव झाला’. ‘फासा उलटा पडला’ हा वाक्प्रचार दानाचा आहे, तर ‘डाव उलटला’ हा संपूर्ण खेळाचा. सोंगट्या ज्यांवर चालतात त्या चौकोनांना ‘घरे’ म्हणावे. ‘चौकट’ किंवा ‘खाना’ नको.

प्रश्नकर्ता (वागळे इस्टेट, ठाणे)

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘चतुष्फलकी’ काढून टाकला आहे. सारीपाटाच्या पत्रकातील मजकूर आता असा करीत आहोत : ‘सारीपाटाचे तीनही फासे एकदम टाकावेत. प्रत्येक फाशाच्या वरच्या बाजूवर जितके ठिपके पडतील, तितकी घरे सोंगटी चालवावी. तीन फाशांचे आकडे तीन वेगवेगळ्या सोंगट्यांनाही देता येतात.’

उत्तर (नौपाडा, ठाणे)

मजकूर चांगला आहे. एकच सूचना : ‘एकदम टाकावेत’च्या आधी ‘तळहातांत घोळवून’ हे शब्द घालावेत, कारण लुडोची सवय असलेली मुले लांब फासा डबीत घालून हलवतील आणि तो तेथे नीट उलटत नाही.