समुद्राजवळच्या खोलीत ड्रेसिंग टेबलचा आरसा सजवायचाय: शिंपले, दिवे की गंजिफा?

सुरंगी विचारते:

घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्र चारेकशे मीटरवर. बेडरूममधल्या ड्रेसिंग टेबलचा आरसा १८ × ३६ इंच, ४ मिमी जाडीचा, चौकट नसलेला. मागच्या प्लायला चिकटवलेला आहे आणि ते प्लाय पश्चिमेच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला टेकलंय. आरशाची खालची कड जमिनीपासून ७५ सेंमीवर, बसायचं स्टूल ४५ सेंमी उंच. खालच्या कडेला सुमारे इंचभर काळे डाग चढलेत.

मनात तीन गोष्टी आहेत. कडेने शिंपले चिकटवायचे, भोवती एलईडी पट्टी लावायची, नाहीतर सावंतवाडीच्या गंजिफासारखी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसारखी, रंगीत किनार करून घ्यायची. तिन्ही एकत्र नकोत, मखर व्हायचं! यातलं इथल्या हवेत काय टिकेल? काळी कड शिंपल्यांनी झाकली तर चालेल का? शिवाय टिकल्यांचे चिकट डाग काही केल्या जात नाहीत.

---

काचकाम:

आधी काळ्या कडेचं, कारण सजावट तिच्यावर अवलंबून आहे. आरशाच्या पाठीमागे चांदीचा अतिशय पातळ थर असतो. त्यावर बहुधा तांब्याचा थर आणि शेवटी रंग. रंग पाठ झाकतो, पण कापलेली कड उघडीच राहते. खारी हवा आणि ओल तिथूनच आत शिरते, चांदी काळी पडते आणि डाग आत सरकत जातो. खालच्या कडेलाच हे जास्त दिसतं, कारण आरसा पुसताना फवारलेलं पाणी ओघळून तिथे साचतं. अमोनिया असलेला काच-क्लीनर असेल तर आणखी लवकर.

दुसरं कारण चिकटवण्यात असू शकतं. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, त्यातून सुकताना ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं आणि ते पाठीचा थर खातं. आरशाला कायम न्यूट्रल सिलिकॉन घ्यायचं, नळीवर तसं लिहिलेलं असतं. ट्यूब फोडल्यावर नाकाला झोंबली तर परत करा.

झाकून प्रश्न सुटणार नाही. शिंपल्यांखाली ओल धरून राहील आणि डाग शिंपल्यांच्या वर डोकावेल. काळी पडलेली चांदी परत उजळत नाही. काळा भाग आणि त्यावरचा एक इंच चांगला भाग मिळून दोन इंच काचवाल्याकडून कापून घ्या. १८ × ३४ चा आरसा उरेल. चारी कडा घासून घ्या, कोरड्या करा आणि मिरर एज सीलरचे दोन हात द्या. नेलपॉलिश लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्यातला द्रावक पाठीचा रंग मऊ करू शकतो, तेव्हा नको.

आरसा प्लायपासून सोडवायला गळाची तंगूस वापरा. समोरून काचेवर चिकटपट्टीच्या आडव्याउभ्या फुल्या मारा, हातमोजे घाला, दोघांनी दोन बाजूंनी तंगूस काचेच्या मागून करवतीसारखी ओढा. पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला गेलात तर काच तडकते. पाठभर डिंक फासलेला असेल तर मात्र चांदी डिंकाबरोबरच निघेल. दोन-तीन इंच सुटल्यावरच ते कळतं. तसं दिसलं तर जुन्यात वेळ घालवू नका, ५ मिमीचा नवीन घ्या. दुकानात ‘कॉपर-फ्री’, म्हणजे तांब्याचा थर नसलेला, आरसा मागून बघा, दमट हवेत तो जास्त टिकतो.

---

रंधा:

वरच्याशी सहमत. फक्त बिनचौकटीचा आरसा इथे परत लावू नका, चौकटीत बसवा.

चौकट सागाची, अडीच इंच रुंद, एक इंच जाड. शिवणीचं लाकूडही चालेल. एमडीएफची तयार चौकट स्वस्त पडते, पण कोपऱ्यातून पाणी प्यायली की फुगते आणि मग तिला इलाज नाही. मागून १२ मिमी खोल खाच काढायला सांगा. त्यात ४ मिमी काच, २ मिमी मोकळी जागा, ६ मिमी प्लाय. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं (मरीन, ओलीत टिकणारं), कापलेल्या कडांना प्रायमर मारलेलं. मोकळी जागा राखायला चार कोपऱ्यांत रबराचे तुकडे पुरतात, प्लायला डिंक नको.

काचेच्या चारी बाजूंनी खाचेत २-२ मिमी सूट ठेवा. पावसात लाकूड फुगतं आणि घट्ट बसवलेली काच कोपऱ्यातून चिरते. सुताराला हे आवर्जून सांगावं लागतं, कारण त्याच्या लेखी घट्ट म्हणजे चांगलं. काच थेट खालच्या पट्टीवर टेकवू नका. रुंदीच्या पाव अंतरावर, म्हणजे दोन्ही कडांपासून साडेचार इंचांवर, २ मिमी जाड रबराचे दोन तुकडे ठेवा आणि काच त्यावर उभी करा. खालच्या पट्टीला ५ मिमीची तीन भोकं पाडली की ओघळलेलं पाणी निघून जातं. चौकटीला बसवण्याआधी सहाही बाजूंनी पॉलिश हवं. पाठ आणि खाच कोरी ठेवली तर ओल तिथून शिरते आणि पट्टी वाकते.

आता भिंत. पश्चिमेची चिऱ्याची भिंत पावसात आतून दमट होणारच. जागा बदलता येत असेल तर आतल्या भिंतीवर जा.

---

सुरंगी:

जागा बदलता येणार नाही, समोर कपाट आहे आणि तिसऱ्या बाजूला खिडकी. खोलीत एसी आहे, पण रात्रीच लावतो. भिंतीवर टांगायचा म्हटलं तर चिऱ्यात स्क्रू धरत नाहीत, तो अनुभव आहेच.

---

रंधा:

मग टेबल भिंतीपासून दोन इंच पुढे घ्या आणि आरसा भिंतीवर तिरक्या पट्टीने टांगा. चार इंची फळी मधून ४५ अंशांत चिरायची. एक अर्ध भिंतीवर, उतार आत आणि वर. दुसरं चौकटीच्या पाठीला, उलट्या तोंडाने. वरून अडकवलं की बसलं. पट्टी पाऊण इंच जाडीची असेल तर आरशामागे तेवढी मोकळी जागा आपोआप राहते. खाली चौकटीला त्याच जाडीचे दोन ठोकळे लावा, नाहीतर आरसा खालून भिंतीकडे कलेल. मे महिन्यात उचलून मागे पाहता येतं, हा मोठा फायदा.

वजनाचा अंदाज: काच एक चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे अडीच किलो. तुमची १८ × ३४ ची ४ मिमी काच साधारण ४ किलो, चौकट आणि प्लाय धरून नऊच्या आत.

चिऱ्यात स्क्रू धरत नाही, कारण दगड सच्छिद्र आणि ड्रिल हॅमरवर ठेवून मारलेलं असतं. भोक आत चुरा होऊन मोठं होतं. हॅमर बंद करा, ८ मिमीच्या बिटने ८० मिमी खोल जा. दोन चिऱ्यांच्या सांध्यात कधीच नको, जुन्या घरांत तिथे माती असते. चिऱ्याच्या मध्यावर, कडेपासून तीन इंच आत. धूळ फुंकून काढा, आत एमसील भरा, नायलॉनचा प्लग दाबा आणि एक दिवस थांबा. फुगून पकडणारे लोखंडी फास्टनर चिऱ्याला फोडतात. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तम, ३०४ वर समुद्राजवळ तांबूस डाग येतात. झिंकचा मुलामा एक-दोन पावसाळ्यांत जातो.

---

काचकाम:

एसीचं बरं सांगितलंत. रात्रभर थंड झालेल्या खोलीची खिडकी पावसात सकाळी उघडली की दमट हवा गार काचेवर दव होऊन बसते. एसीचा झोत आरशावर येऊ देऊ नका. खिडकी उघडण्यापूर्वी अर्धा तास एसी बंद करून पंखा लावा.

---

दिवेलागण:

पट्टी आरशाच्या भोवती चौफेर लावली की फोटोत छान दिसते, चेहऱ्यावर नाही. वरून आलेला प्रकाश डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली टाकतो, मग काजळ एका डोळ्याला जाड आणि दुसऱ्याला बारीक. दोन उभ्या पट्ट्या पुरेत, डावी-उजवी, प्रत्येकी ६० सेंमी. ४५ सेंमीच्या स्टुलावर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून ११५ सेंमीच्या आसपास येतात. पट्टीचा मध्य तिथे ठेवा, म्हणजे पट्टी ८५ पासून १४५ पर्यंत. तुमचा आरसा दोन्ही टोकांना पुरून उरतो.

दिवा ४००० केल्व्हिनचा घ्या. ३००० चा पिवळा प्रकाश कुंकवाला केशरी दाखवतो, ६५०० चा पांढरा चेहरा फिकट पाडतो. सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेली पट्टी मागा. हा आकडा खोक्यावर नसेल तर तो ८० च्या आसपास समजावा.

हिशोब: मीटरला ९.६ वॉटची १२ व्होल्टची पट्टी, एकूण १.२ मीटर, म्हणजे साडेअकरा वॉट. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला १२ व्होल्ट पुरवणारा डबा, २४ वॉटचा, निम्म्या भारावर थंड राहतो. तो ड्रॉवरमागे कोंबू नका आणि पश्चिमेच्या भिंतीलाही लावू नका. टेबलच्या बाजूला आतून, हवा लागेल असा.

पट्टीमागचा चिकट टेप पहिल्याच पावसात सुटतो. दुधी झाकणाची ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे प्रोफाइल, चौकटीला स्क्रूने लावा. एलईडी पट्टी त्यात बसवा. दुधी झाकण नसेल तर आरशात ठिपक्यांची रांग दिसते आणि डोळ्यांना त्रास होतो. कापलेल्या टोकाचं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं, तिथे न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब. आंबूस वासाचं सिलिकॉन इथेही तांबं खातं.

एक मुद्दा खिडकीचा. आरसा पश्चिम भिंतीवर म्हणजे मावळतीचं ऊन आरशाच्या पाठीमागे, हे चांगलं. तिसऱ्या बाजूची खिडकी बसलेल्या माणसाच्या उजव्या-डाव्या हाताला येते का? येत असेल तर दिवसा दिवा लागणारच नाही.

---

चितारआळी:

गंजिफाची किनार काचेवर करू नका, चौकटीवर करा. सावंतवाडीचं लाखकाम आणि गंजिफा दोन्ही लाकडावर किंवा कागदी पत्त्यावर रंगाचे थर देऊन वर चकाकीचा हात देण्याचं काम. काचेवर ते रंग धरत नाहीत, नखाने निघतात.

चितारी कारागिराकडे नेताना काच न बसवलेली, पॉलिश न केलेली कोरी चौकट द्यायची. उन्हाळ्यात द्या, पावसात प्रत्येक थर सुकायला वेळ लागतो आणि ओलसर लाकडावर दिलेला रंग नंतर पापुद्रे धरतो. पाठ आणि खाच यांचं पॉलिश रंगकामानंतर.

दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे संच), प्रत्येकी १२ पत्ते, मिळून १२० गोल पत्ते. तुमच्या मापाला दहाचं गणित सुरेख बसतं: उभ्या पट्ट्यांवर तीन-तीन, वर दोन, खाली दोन. अडीच इंची पट्टीवर दोन इंचांची वर्तुळं. मासा आणि कासव खाली ठेवा, ते पाण्यातलेच. परशुरामाचा परशू वरच्या पट्टीवर असलेला बरा, कोकण त्याचं आहे शेवटी. वर्तुळांच्या मधल्या जागेत वेलबुट्टी भरायचा मोह टाळा. सपाट गडद लाल किंवा काळा ठेवला तर चित्रं उठतात, वेलबुट्टी भरली तर आरशात पाहणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावर राहत नाही.

दिवेलागण यांचं प्रोफाइल या चित्रांवर येऊ देऊ नका. ते चौकटीच्या बाहेरच्या कडेला, समोर तोंड करून लावा. आरसा १८ इंचांचा असल्यामुळे दोन्ही दिवे चौकटीच्या बाहेर गेले तरी त्यांतलं अंतर दोन फुटांच्या आतबाहेर राहतं, चेहऱ्यासाठी ते ठीकच.

---

सुरंगी:

म्हणजे शिंपले बाद? घरात तिसऱ्यांचे ढीगभर आहेत.

---

गरी:

बाद कित्याक? आरशाक लावू नको, येवढाच.

तिसऱ्यांच्या शिंपल्यात आतल्या बाजूला मांसाचा बारीक तुकडा चिकटून राहतो, वास त्याचाच येतो. गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. मग साध्या पाण्यात तीन दिवस, पाणी रोज बदलून. पुळणीवरून आणलेले असतील तर हे तीन दिवस चुकवायचे नाहीत. आत राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि चिकटवलेला शिंपला सुटतो. चकाकीसाठी व्हिनेगरमध्ये टाकू नका, शिंपला चुन्याचा असतो, विरघळू लागतो.

ते आरशाऐवजी टेबलावरच्या लाकडी तबकाच्या कडेला लावा. दोन भागांचं इपॉक्सी वापरा, ग्लू-गनचा डिंक दमट उन्हाळ्यात सुटतो. एका आकाराचे २०-२५ निवडा, उरलेले तुळशीत टाका. मोठे शंख वेचून किंवा विकत आणून लावू नका, त्यातल्या काही जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पितळेचं तबक सुंदर दिसतं, पण इथे आठवड्यात काळवंडतं. घासायची तयारी असेल तरच.

---

काचकाम:

टिकल्यांचं राहिलं. खोबरेल तेलाचा एक थेंब डागावर, पाच मिनिटं थांबा, बोटाने चोळा, डिंक गोळी होऊन निघतो. नंतर उरलेला तेलकटपणा कापसावर स्पिरिट घेऊन पुसा, कडेपासून दोन इंच दूर. ब्लेडने खरवडलं तर काचेवर चरे पडतात आणि संध्याकाळी दिवा लावला की ते दिसतात.

खाऱ्या हवेने आरशावर धुकट थर बसतो, त्याला क्लीनर लागत नाही. आठवड्यातून एकदा पाण्यात पिळलेलं सुती कापड, लगेच कोरडं कापड, वरून खाली. पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही. टिकल्या लावायच्याच असतील तर चौकटीच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, बोटभर रुंदीची काचेची किंवा ॲक्रिलिकची पट्टी वेगळी लावा. ती काढून धुता येते.

---

सुरंगी:

चौकट, दहा वर्तुळं आणि दोन उभे दिवे, असं ठरलं. खिडकी डाव्या हातालाच येते. काचवाल्याकडे उद्या जाते, तंगूस घरात आहे.