दिवाळीच्या मोहिमेसाठी 'स्टारग्रंट टू' घ्यावे का?

जळगाव (धाग्याची सुरुवात)

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव, भुसावळ आणि धुळ्याची मंडळी एकाच टेबलाभोवती जमणार असल्याने मोहिमेचे, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या लढायांच्या मालिकेचे, नियम आत्ताच ठरवायला हवेत. टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती (मिनिएचर) मांडून फाशांवर खेळायच्या युद्धखेळांपैकी आपण बहुतेक जण 'वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड' खेळतो. माझा आग्रह मात्र ग्राउंड झीरो गेम्सने १९९६ मध्ये काढलेल्या 'स्टारग्रंट टू'चा आहे. भविष्यातील पायदळाची लढाई झाली तरी ती घाबरलेल्या माणसांकडून काम करून घेण्याचीच लढाई असते, आणि या खेळाचे नियम त्याच जाणिवेवर उभे आहेत. नवख्या तुकडीला सहा पैलूंचा फासा मिळतो, नियमित तुकडीला आठ, अनुभवी तुकडीला दहा आणि निवडक तुकडीला बारा पैलूंचा. गोळीबारात हा फासा आणि शस्त्रबळाचा फासा, लक्ष्य किती दूर आहे त्यावरून ठरणाऱ्या फाशाविरुद्ध टाकतात. दोन्ही वरचढ ठरले तर माणसे पडू शकतात. एकच ठरला तर समोरची तुकडी दबते, म्हणजे तिला पुढेही सरकता येत नाही आणि गोळीही झाडता येत नाही. मग आपल्या वाट्याच्या दोन कृतींपैकी एक खर्चून, नायकाच्या नेतृत्वाच्या आकड्यापेक्षा जास्त दान पाडून, तिला ते दडपण उतरवावे लागते.

धुळे

दादा, नियमांचे कौतुक मान्य, पण त्यात पॉइंट्स, म्हणजे दोन्ही फौजा तुल्यबळ ठेवण्यासाठी प्रत्येक तुकडीला दिलेले मोल, नाहीत, त्याचे काय? कोणाकडे किती फौज असावी हे प्रसंग, म्हणजे त्या लढाईची मांडणी, रचणारा ठरवणार, आणि आपल्या गटात प्रसंग रचणारे तुम्हीच असता. 'फॉर्टी थाउजंड'मध्ये २००० पॉइंट्स म्हटले की नंदुरबारहून पहिल्यांदा आलेला मुलगाही बरोबरीने उभा राहतो. मनोधैर्याचा विचार तिथेही आहेच. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत तुकडी निम्म्याखाली आली की चाचणी द्यावी लागते आणि ती हुकली तर त्या तुकडीचा जागेवरचा ताबा गणला जात नाही.

जळगाव

भाऊ, ती तुकडी ताबा गमावते, पण गोळीबार चालूच ठेवते. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. शिवाय तिथे एका बाजूचे सगळे सैन्य हलून होईपर्यंत दुसऱ्याने बहुतांशी फासे टाकून आपलीच माणसे उचलत राहायचे. इथे तुकड्या आळीपाळीने हलतात, त्यामुळे दबलेली तुकडी आधी सावरावी की दुसरीला पुढे काढावे, हा निर्णय दर खेपेला नव्याने घ्यावा लागतो. सेनानायकाला आपली कृती हाताखालच्या तुकडीला देऊन तिला पुन्हा हलवता येते. मात्र त्यासाठी संपर्क जुळावा लागतो आणि तो ऐन वेळी जुळेलच असे नाही.

भुसावळ

मी जळगावकरांच्या बाजूने, पण कारण वेगळे आहे. या नियमांना अमुकच कंपनीच्या मिनिएचर लागत नाहीत. परदेशातून मागवलेल्या एका खोक्याच्या किमतीने नवख्या खेळाडूचे मन खचते, ही खरी अडचण आहे. टेबलाची चिंता नको: तापीकाठच्या बिहडासारख्या घळी थर्माकोलमध्ये कापून, वरून गोंद लावून वाळू चिकटवली आहे आणि पऱ्हाटीच्या बारीक काड्यांची वाळकी झाडे लावली आहेत. अशा घळींमध्ये नजरेची रेषा सतत तुटते, आणि तुकडीला दबण्याआधीच आडोशाला नेण्याचे महत्त्व तिथेच कळते.

धुळे

टेबल उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण रंगवलेल्या फौजा घेऊन येणाऱ्यांनी पॉइंट्सची कसोटी सोडायची असेल, तर न्यायाची दुसरी हमी हवी. प्रत्येक प्रसंग बाजू बदलून दोनदा खेळावा आणि दोन्हींचा निकाल एकत्र धरावा. वेळ दुप्पट लागेल, हे मी जाणून बोलतो आहे. हे मान्य नसेल तर माझे मत 'फॉर्टी थाउजंड'लाच राहील.

जळगाव

बाजू बदलून खेळणे मान्य. मात्र दुप्पट वेळेचा हिशेब पाहता प्रसंग लहान ठेवू: प्रत्येकी तीन तुकड्या आणि एक सेनानायक. प्रसंग रचण्याचे काम या वेळी धुळेकरांनी घ्यावे.