जॉन रीडचे 'दहा दिवस': इतिहासाचे साधन म्हणून किती धरायचे?

तळटीप:
रशियाच्या ऑक्टोबर क्रांतीवर (1917, लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली ती; आजच्या कॅलेंडरप्रमाणे नोव्हेंबरात) वाद सुरू झाला की कोणीतरी जॉन रीडचं 'टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड' पुढे करतं. "तो तिथे होता" म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं! होता ना, पण नेमका कुठे? हा अमेरिकन पत्रकार सप्टेंबर 1917 मध्ये तेव्हाची राजधानी पेत्रोग्राडला पोचला, रशियन भाषा जेमतेम, आणि पुस्तक निघालं 1919 मध्ये. रस्ते, सभा, स्मोल्नी या बोल्शेविकांच्या मुख्यालयातली धावपळ याबद्दल त्याचं मी ऐकेन. बंद दाराआडचं नाही.

उदाहरण देतो. 23 ऑक्टोबरची (जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे 10) बोल्शेविक केंद्रीय समितीची गुप्त बैठक. रीड सांगतो की बुद्धिजीवींपैकी फक्त लेनिन आणि ट्रॉट्स्की उठावाच्या बाजूने होते, आणि मतदानात उठावाचा प्रस्ताव पडला. मग एक रांगडा कामगार संतापाने उभा राहिला. सोव्हिएट्स (कामगार-सैनिकांच्या निवडलेल्या परिषदा) चिरडू दिल्यात तर आमचा तुमचा संबंध संपला, असं त्याने सुनावलं. पुन्हा मतं घेतली आणि उठाव ठरला. नाटकात शोभेल असा प्रसंग! इतिवृत्तात मात्र लेनिनचा ठराव 10 विरुद्ध 2 मतांनी मंजूर आहे, विरोधात झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह. तो कामगार कुठेच नाही.

म्हणून माझं मत: पुस्तक वाचा, पण प्रत्येक पानावर विचारा, हे यानं पाहिलं की याला कोणी सांगितलं?

रात्रपाळी:
एका बैठकीवरून अख्खं पुस्तक निकालात काढायचं म्हणजे अतिच झालं. त्याच्या मागची परिशिष्टं वाचलीत का? हुकूमनामे, भिंतीवरची पत्रकं, वर्तमानपत्रांतले उतारे, आणि तेही बोल्शेविकांच्या विरोधकांचे सुद्धा. नंतर ज्याचा मागमूस राहिला नसता असा कागद या माणसाने गोळा करून ठेवला.

आणि तो निःपक्षपातीपणाचा आव आणत नाही. आपली सहानुभूती कुठे आहे ते प्रस्तावनेतच सांगतो. आजचे किती पत्रकार हे करतात?

दगडोबा:
सहानुभूती सांगितली म्हणून पाप धुतलं जात नाही. लेनिनने ज्याला प्रस्तावना लिहून दिली आणि जगभरच्या कामगारांनी वाचावं अशी शिफारस केली, ते पुस्तक आपण 'साधन' म्हणून वाचायचं? हा गृहस्थ 1918 च्या सुरुवातीला बोल्शेविकांच्या परराष्ट्र खात्याच्या प्रचार कचेरीत काम करत होता. पुढे अमेरिकेत कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्यांत होता. 1920 मध्ये टायफसने गेला तर क्रेमलिनच्या भिंतीपाशी पुरला. आणखी काय पुरावा हवा?

शिवाय कथा संपते कुठे ते बघा. नोव्हेंबरातल्या शेतकरी परिषदेच्या जल्लोषात. त्याच महिन्यात संविधान सभेच्या निवडणुका झाल्या, बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मतं मिळाली, समाजवादी क्रांतिकारक पक्षाला त्याहून कितीतरी जास्त. जानेवारी 1918 मध्ये ती सभा एका बैठकीत गुंडाळली. पडदा पाडायची वेळ बरोब्बर साधली आहे.

रात्रपाळी:
दगडोबा, प्रचारक असता तर हंगामी सरकार बसलेल्या हिवाळी महालातलं दृश्य असं लिहिलं असतं का? शिरलेले सैनिक पेट्या फोडतात, गालिचे, पडदे, चिनी मातीची भांडी उचलतात. एकजण खांद्यावर ब्राँझचं घड्याळ घेऊन मिरवतोय, दुसऱ्याने शहामृगाचं पीस टोपीत खोवलंय. मग कोणीतरी ओरडतं, "हात लावू नका, ही जनतेची मालमत्ता आहे." दारावर झडती सुरू होते, आणि खिशातून काय निघतं? शाईच्या बाटल्या, मेणबत्त्या, साबणाच्या वड्या. हे मनाने रचता येत नाही हो.

महालाचं रक्षण करणाऱ्या महिला बटालियनवर सामूहिक अत्याचार झाल्याच्या अफवा होत्या. त्याबाबत नगर दुमाच्या (शहराच्या निवडलेल्या सभेच्या) चौकशीचा निष्कर्ष त्याने परिशिष्टात दिला आहे: तिघींवर बलात्कार, एकीची आत्महत्या. अफवेपेक्षा कमी, पण शून्य नाही. लपवायचं असतं तर इथे लपवलं असतं.

दगडोबा:
साबणाच्या वड्या मान्य. पण "जनतेची मालमत्ता" ही आरोळी बरोबर वेळेवर येते, हेही बघा. मला ती जरा जास्तच सोयीची वाटते.

तळटीप:
दोघांनाही उत्तर. दगडोबा, तुमच्या निकषाने स्टॅलिनलाही हे पुस्तक आवडायला हवं होतं. त्याने 1924 मध्ये रीडवर जाहीर टीका केली. हा माणूस पक्षापासून लांब होता, 10 ऑक्टोबरच्या गुप्त बैठकीचं त्याला काय कळणार, त्याने ऐकीव गप्पा छापल्या, असं त्याचं म्हणणं. रोख अर्थातच त्याचा सत्तेतला प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्कीवर होता, आणि या पुस्तकात ट्रॉट्स्की पानोपानी आहे, स्टॅलिन शोधावा लागतो. पण त्या एका बैठकीपुरता स्टॅलिन खरं बोलत होता! हेतू वाईट असला तरी आक्षेप बरोबर असू शकतो, तसंच रीडचा हेतू चांगला असूनही माहिती चुकीची असू शकते. तुम्ही दोघं हेतूवरच अडलात.

जुनी जिल्द:
उशिरा येतोय. त्या बैठकीचा विषय निघालाच आहे म्हणून: ती झाली सुखानोव्ह या मेन्शेविकाच्या (मेन्शेविक म्हणजे बोल्शेविकांचे समाजवादी प्रतिस्पर्धी) घरात. बायको बोल्शेविक, नवऱ्याला त्या रात्री कामाच्या ठिकाणीच झोपायला सांगितलं, आणि घरमालकाला पत्ताच नाही. "तो तिथे होता" वाल्यांनी यावर विचार करावा :)

पण सुखानोव्हच्या आठवणी रीडशेजारी ठेवण्यासारख्या आहेत. उठावाच्या रात्री भरलेल्या सोव्हिएट्सच्या दुसऱ्या काँग्रेसमध्ये (देशभरच्या प्रतिनिधींच्या अधिवेशनात) मेन्शेविक सभात्याग करतात, ट्रॉट्स्की त्यांना इतिहासाच्या कचऱ्यात काढतो. रीडला तिथे विजयाची गर्जना ऐकू येते. सुखानोव्ह बाहेर पडणाऱ्यांतला, आणि नंतर तो पस्तावतो, की आपण उठून गेलो आणि सोव्हिएट बोल्शेविकांच्या हातात फुकट दिलं.

दगडोबा:
मग आधी सुखानोव्ह, रीड नंतर. हेच तर म्हणतोय.

रात्रपाळी:
सुखानोव्हचे मूळ सात खंड आहेत, दगडोबा. तुम्ही वाचणार?

जुनी जिल्द:
1955 चा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद आहे. त्यातले उठावाच्या दिवसांचे भाग आणि रीडचं चौथं प्रकरण, एवढंच वाचून या. मग भांडू.