मदत हवी आहे : टीव्ही एक, वर्ग दोन

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात तांड्यावरची जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडं. लोकवर्गणीतून टीव्ही मिळालाय, नेट मात्र रामभरोसे. म्हणून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून नेते.

अपूर्णांकांचा व्हिडिओ लावला की लेकरं चिडीचूप. बंद करून विचारलं, पाव मोठा की अर्धा? तरी चिडीचूपच! मग शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ब्रूनरचा क्रम धरला: आधी वस्तू, मग चित्र, शेवटी चिन्ह. भाकरीचे तुकडे आधी, व्हिडिओ नंतर, अंक सगळ्यात शेवटी. फरक पडला, पण चौथीतच. (भाकरी शेवटपर्यंत उरत नाही, ते वेगळं.)

आता वायगॉट्स्की या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या विचाराप्रमाणं चौथीचं एक आणि तिसरीचं एक अशी जोडी लावायचीय, म्हणजे जरा पुढचं लेकरू मागच्याला हात देईल. टीव्ही चालू असताना हे कसं जमवता? मधेच थांबवून प्रश्न टाकता, की आधीच काम वाटून देता?

दुसरं, ऊसतोडीवरून उन्हाळ्याच्या तोंडाला परतणाऱ्या लेकरांचा बुडालेला अभ्यास अशा जोड्यांतून कुणी भरून काढलाय का? ॲपची यादी नको, ती ढीगभर आहे. वर्गात काय केलं ते सांगा.