जांभ्याच्या जुन्या घराची दुरुस्ती आणि घरातली दोन कुत्री : भिंती व जमिनीबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यातील एका गावात नवऱ्याच्या आजोबांनी 1958 साली बांधलेले जांभ्याचे कौलारू घर आम्ही दोघे गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून दुरुस्त करून घेत आहोत. मागच्या दोन खोल्यांत आमचा मुक्काम असतो आणि पुढे ओटी, माजघर व पडवीचे काम चालते. आमच्यासोबत दोन कुत्री आहेत. नऊ वर्षांचा, चौतीस किलोचा लॅब्राडोर बंड्या डोंबिवलीहून आमच्याबरोबर आला. त्याच्या खुब्याचे सांधे लहानपणापासूनच सैल आहेत. दुसरी चिंगी, गावठी, साधारण तीन वर्षांची. ती वाळूच्या ढिगाऱ्यावर येऊन बसली ती परत गेलीच नाही.

छप्पर पूर्ण झाले आहे. नळीची कौले उतरवून मंगलोरी चढवली आणि वाळवीने खाल्लेले अकरा वासे बदलले. आढे किंजळीचे असल्यामुळे त्याला काहीही झालेले नाही, हे सुताराने पटाशी टोचून दाखवले. विजेचे काम उरकले आहे. या गोष्टींबद्दल काही विचारायचे नाही. अडचण आहे ती भिंतींची आणि जमिनीची.

माजघरातला मातीचा जुना गिलावा काढला तेव्हा आतला लाल चिरा इतका देखणा दिसला की आम्ही तो तसाच उघडा ठेवून फक्त दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरून घ्यायचे ठरवले. त्यानंतर श्रावणात चिंगीने अन्न सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि एके दिवशी नाकातून रक्त आले. रक्ततपासणीत प्लेटलेट अडतीस हजारांवर उतरलेल्या निघाल्या आणि गोचीडतापाचे निदान झाले. डॉक्सीसायक्लिनचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स पूर्ण करून ती आता बरी आहे. औषध लिहून देताना डॉक्टरांनी घराच्या भिंती कशाच्या आहेत असे विचारले, तेव्हा मला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. त्या रात्री बॅटरी घेऊन माजघरातल्या भिंतीचे एकेक भोक पाहिले. उंबऱ्यालगतच्या चिऱ्यात वाटाण्याएवढी राखाडी गोचीड निपचित पडली होती आणि तिच्यापुढे खसखशीसारखा चकचकीत तपकिरी अंड्यांचा ढीग होता. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून अशीच फट शोधते, तिथे दोन-चार हजार अंडी घालते आणि मरते. अन्नावाचून ही जात कित्येक महिने तग धरते, असे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. जांभ्यात अशा फटींना काय तोटा?

नवऱ्याचा जीव मात्र त्या उघड्या चिऱ्यात अडकला आहे. शेवटी खालच्या तीन फुटांपर्यंत चुन्याचा गिलावा करून वरचा चिरा उघडा ठेवावा, अशी तडजोड आम्ही केली आहे. सिमेंट नको, यावर दोघांचे एकमत आहे. बांधकाम मातीत आहे, जोत्यात ओल अडवणारा थर नाही आणि पावसाळ्यात जमिनीतून ओल वर चढते. मागच्या खोलीत पंधरा वर्षांपूर्वी केलेला सिमेंटचा गिलावा त्यामुळेच ढोलासारखा वाजतो आणि त्याचे पोपडे जमिनीवर पडतात. आमचे गवंडी चांगले कारागीर आहेत, पण त्यांनी निव्वळ चुन्यात काम केलेले नाही. ते अर्धे सिमेंट घालू म्हणतात. हा तीन फुटांचा बेत योग्य आहे का आणि चुन्यात सिमेंट मिसळल्यास नेमके काय बिघडते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

आता जमीन. आमच्या भागात बिबट्याचा वावर आहे. गेल्या मे महिन्यात शेजारच्या खळ्यातून बांधलेला कुत्रा गेला. त्यामुळे रात्री दोघेही आतच झोपतात आणि पडवीला लाकडी गज लावून घेतले आहेत. स्वयंपाकघरात आम्ही हौसेने दोन बाय दोनच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरश्या बसवल्या, ही चूक सर्वस्वी आमची. पहिल्याच दिवशी बंड्याचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि तो पोटावर बसला. तेव्हापासून तो पुढचे दोन पंजे उंबऱ्यावर ठेवून दारातच उभा राहतो आणि भाकरीचा वास आला तरी आत पाऊल टाकत नाही. माजघरासाठी आता पॉलिश न केलेली शहाबादी फरशी किंवा खरखरीत कोबा, असे दोन पर्याय समोर आहेत. शहाबादी चुनखडीची असल्याने लिंबू सांडले तरी तिच्यावर डाग पडतो. मग म्हाताऱ्या कुत्र्याच्या लघवीचे काय होईल? सासूबाईंचे मत सारवणाच्या बाजूने आहे आणि उन्हाळ्यात त्यासारखे सुख नाही हे मलाही मान्य आहे, परंतु चिंगी झोपण्यापूर्वी जमीन उकरते आणि दर आठवड्याला सारवायला मला जमणार नाही.

फरशीआधी वाळवीचा बंदोबस्त करायचा आहे. ठेकेदार भिंतीच्या कडेने फूटभर अंतरावर बारा मिलिमीटरची भोके पाडून त्यात क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिडचे द्रावण सोडणार आहे. मागच्या भिंतीपासून विहीर अठरा फुटांवर आहे आणि पिण्याचे पाणी तिचेच आहे. सुतार खांबांना काजूच्या टरफलाचे तेल लावा म्हणतो. ते अंगावर उतते, म्हणजे लागले तिथे फोड येतात, हे ठाऊक आहे आणि बंड्याला खांबाला अंग घासायची सवय आहे. कुत्री असलेल्या घरात कोणी हे उपाय केले असल्यास काय काळजी घेतली, ते कृपया लिहावे.

प्रतिसाद 1

आमचे घर कुडाळजवळ जांभ्याचेच आहे आणि आमच्याकडे तीन कुत्री आहेत. तीन फुटांचा बेत सोडून द्या. कुत्र्यांवरच्या या गोचिडी खाली राहत नाहीत, भिंतीने वर चढतात. आम्हाला त्या वाशांच्या टोकाशी सापडल्या होत्या. ज्या खोलीत कुत्री झोपतात तिथे गिलावा थेट छपरापर्यंत न्या आणि उघडा चिरा ओटीवर किंवा बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे यजमानांचाही मान राहील. भिंत लिंपून अर्धेच काम होते, हेही लक्षात घ्या. दोन्ही कुत्र्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने गोचिडीची गोळी एकाच दिवशी सुरू करा आणि पावसाळा संपला म्हणून थांबवू नका. आम्ही एकाला दिली आणि दोघांना राहू दिले. त्या वर्षी पैसेही गेले आणि गोचिडीही राहिल्या.

प्रतिसाद 2

चुन्यात अर्धे सिमेंट घातले की गिलावा कडक होतो, त्यातून ओल बाहेर पडायची वाट अरुंद होते आणि तुमच्या मागच्या खोलीचीच गत होते. चुना मात्र घाई करणाऱ्याचे काम नाही. कळीचा चुना भिजवताना उकळतो, तेव्हा कुत्री त्या बाजूला फिरकताही कामा नयेत. भिजवलेला चुनाही दाहक असतो; पंजाला लागला आणि त्यांनी तो चाटला तर तोंड भाजते. ओल्या सिमेंटचेही तेच, म्हणून कोबा करणार असाल तरी पूर्ण वाळेपर्यंत खोलीला आडवी फळी हवी.

विहिरीच्या बाजूची भोके पाडूच देऊ नका. त्या भिंतीलगत माती न भिजवता लाकडालाच उपचार करता येईल का, हे ठेकेदाराला विचारा आणि तो कोणते औषध वापरणार आहे ते लेखी घ्या. क्लोरपायरीफॉसच्या विषबाधेत कुत्र्याला लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरते. अशा वेळी औषधाचे नाव हातात असले की डॉक्टरांचा वेळ वाचतो. काजूचे तेल वाशांना लावा, खांबांना नको.

बंड्यासाठी स्वयंपाकघरात दारापासून भांड्यापर्यंत काथ्याची पट्टी टाका आणि त्याच्या पंजांच्या गाद्यांमधले केस कापत राहा. लॅब्राडोरचे ते केस वाढले की पाय मोज्यासारखा घसरतो.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. कुडाळचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही न बोलता बॅटरी आणि शिडी घेऊन माजघरात गेला आणि वाशांच्या खोबणीतून सात गोचिडी काढून साबणाच्या पाण्यात टाकून आला. माजघराचा गिलावा आता छपरापर्यंत होईल, उघडा चिरा ओटीवर राहील. विहिरीकडची भोके रद्द केली आहेत आणि ठेकेदाराकडून औषधाचे नाव लिहून घेतले आहे. जमिनीसाठी शहाबादीचा विचार सोडून कोबा पक्का केला असून, तो वाळेपर्यंत दोघांनाही मागच्या पडवीत ठेवू.

काथ्याची पट्टी टाकली. बंड्याने पहिले दोन दिवस तिच्याकडे संशयाने पाहिले. काल तो तिच्यावरून भांड्यापर्यंत गेला, जेवला आणि वळायला जागा नसल्यामुळे उलटा चालत बाहेर आला. त्यामुळे पट्टी दुप्पट रुंद करायची आहे.

एक प्रश्न मात्र उरला आहे. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात चुना घाणीवर मळून देणारे कोणी अजून आहे का, आणि निव्वळ चुन्यात हात बसलेला गवंडी आमच्या गवंड्यांसोबत आठ-दहा दिवस काम करायला येऊ शकेल का? राहण्या-जेवण्याची सोय आमच्याकडे होईल. कुत्र्यांची भीती नसावी, एवढीच अट आहे.