मदत हवी आहे: लिस्बन ते हेलसिंकी, पुढची ट्रेन कितीची काढू?

मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन लिस्बनहून हेलसिंकीला जातेय. थेट विमान, तिकिटावर सुटायची वेळ १०.३० आणि पोहोचायची १७.००. बाबांनी तिकिटावर बोट ठेवून साडेसहा तास मोजले आणि आईच्या गुडघ्यांची काळजी करत बसले. फिनलंडचं घड्याळ पोर्तुगालच्या दोन तास पुढे, म्हणजे प्रवास साडेचार तासांचाच, हे समजावल्यावर जरा निवांत झाले. सरळ अंतर सुमारे ३३५० किमी, त्यामुळे हिशेबही बसतो.

अडचण पुढे आहे. विमानतळावरून लोकलने टिक्कुरिला आणि तिथून टाम्पेरेची ट्रेन धरायची आहे. दोन्ही देश शेंगेनमधले, त्यामुळे पासपोर्टची रांग धरलेली नाही. पण दोन बॅगा चेक-इनच्या आहेत. आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवलीय, तरी उतरताना तिची पाळी शेवटीच येते. ट्रेनचं स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं चालतं, आणि आईला थंडीत फलाटावर ताटकळत ठेवायचं नाहीये. विमान कंपनीच्या साइटवर बॅगांना किती वेळ लागतो ते कुठेच मिळालं नाही.

हल्लीच कुणी या मार्गाने गेलं असेल तर सांगा: विमान टेकल्यापासून टिक्कुरिलाच्या फलाटापर्यंत दीड तास पुरेल, की दोन तास धरू?