मदत हवी आहे: स्वतंत्र चित्रकर्तीच्या टॅरो संचाचे परीक्षण कसे लिहावे?

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षे मी टॅरो संचांची (भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ७८ चित्रपत्त्यांच्या संचांची) परीक्षणे मराठीत लिहीत आहे. आजवरचे बहुतेक संच मोठ्या प्रकाशकांचे होते आणि त्यांची छपाई कच्ची निघाली तर तसे लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. या वेळी मात्र तो अडखळला आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका चित्रकर्तीने स्वतःच्या खर्चाने छापलेला संच मी आगाऊ नोंदणी करून, पूर्ण पैसे भरून घेतला. (तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही.) ७८ पत्ते तिने एकटीने रंगवले आहेत, पुस्तिका तिनेच लिहिली आहे आणि पार्सलवरचे माझे नावही तिच्याच हस्ताक्षरात होते. चित्रे मनात घर करून राहतात. पेंटॅकल्सच्या (नाण्यांच्या गटाच्या) अठ्ठीत नेहमीच्या नाणी घडवणाऱ्या कारागिराच्या जागी तिने दिव्याच्या उजेडात शिवणकाम करणारी म्हातारी बसवली आहे आणि आठ नाणी म्हणजे तिच्या पत्र्याच्या डब्यातली आठ बटणे आहेत.

अडचण चित्रांची नाही, हातात येणाऱ्या वस्तूची आहे. पत्त्यांवरचा मुलामा इतका गुळगुळीत आहे की पिसताना पत्ते निसटतात, आणि पंधरा दिवसांच्या वापरात कडा पांढऱ्या पडू लागल्या. ‘चंद्र’ आणि ‘हर्मिट’ (एकांतवासी साधू) हे पत्ते फार काळपट छापले गेले आहेत; ट्यूबलाइटखाली पत्ता तिरका धरल्याशिवाय हर्मिटच्या हातातल्या कंदिलापलीकडे काही दिसत नाही. शिवाय माझ्या संचात स्वोर्ड्सची (तलवारींच्या गटाची) सत्ती दोनदा आली आहे आणि अठ्ठी आलेलीच नाही.

एका गटात याच संचाबद्दल ‘हिला टॅरोचा क्रमही ठाऊक नाही’ असे कोणी तरी लिहिलेले वाचले आणि वाईट वाटले. तिने ‘न्याय’ आठव्या आणि ‘शक्ती’ अकराव्या क्रमांकावर ठेवली आहे, एवढाच तिचा अपराध. मार्सेय या जुन्या फ्रेंच परंपरेच्या पत्त्यांत हाच क्रम आहे. १९०९ मध्ये लंडनला निघालेल्या लेखक आर्थर एडवर्ड वेट यांच्या संचाने तो उलटा केला आणि पुढे तोच बहुतेकांच्या अंगवळणी पडला. परीक्षण करणाऱ्याने एवढे तरी तपासून घ्यायला हवे. त्याच १९०९ च्या संचाची चित्रे काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथ यांनी हे मोठे काम फार थोड्या पैशांत केल्याचे त्या वर्षीच्या पत्रात लिहिले होते. पत्त्यांवर त्यांची नागमोडी सही आहे, तरी संच कित्येक दशके प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावांवरून ‘रायडर-वेट’ म्हणूनच ओळखला गेला. त्यामुळे चित्रकर्तीचे नाव आणि तिचे श्रम परीक्षणात ठळकपणे यावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शंका पुढची आहे. दोष जाहीर करण्यापूर्वी तिला कळवून थांबावे का, आणि थांबायचे तर किती दिवस? तोवर कोणी माझ्यावर विसंबून पैसे भरले तर त्या वाचकाशी मी प्रामाणिक राहिले असे म्हणता येईल का? एकटीने काम करणाऱ्या व्यक्तीला मोठ्या प्रकाशकाचीच फूटपट्टी लावणे न्याय्य आहे का? आणि संचाची कल्पना यावी म्हणून किती पत्त्यांचे फोटो दाखवणे योग्य ठरेल?

प्रतिसाद

ताई, मी छपाईच्या धंद्यात आहे, म्हणून आधी रंगांबद्दल लिहितो. संगणकाच्या पडद्यावर उजळ दिसणारे गडद निळे-जांभळे रंग चार शाईंच्या छपाईत उतरताना बऱ्याचदा मंदावतात. नमुना प्रत नीट तपासली नाही तर ते थेट काळपट निघतात, आणि पहिल्यांदा छापून घेणाऱ्याच्या हे सहज नजरेतून सुटते. हे कारण तुम्ही जरूर लिहा, पण त्यापायी दोष सौम्य करू नका, कारण वाचक पैसे मोजतो ते छापलेल्या पत्त्याचे.

दोनदा आलेल्या सत्तीची गोष्ट निराळी आहे. पत्ते जुळवताना एखाद्याच संचात अशी चूक होऊ शकते. तिला फोटो पाठवा, आठवडाभर थांबा आणि तिने पत्ता बदलून दिला तर तेही लिहा. इतरांच्या संचांतही तेच निघाले तरच तो संचाचा दोष समजावा. कागदाची जाडी, मुलाम्याचा प्रकार, पुढच्या आवृत्तीतले बदल अशी माहिती तिच्याकडून तपासून घ्या, परंतु मत तिच्या संमतीसाठी पाठवू नका. त्यात तिचीही कुचंबणा होते. फूटपट्टी एकच असावी, शब्द मात्र जपून वापरावेत. फोटो आठ-दहा पुरेत. सगळे ७८ पत्ते दाखवणे म्हणजे तिची वर्षांची मेहनत फुकट वाटून टाकणे होय. संच स्वतःच्या पैशांनी घेतल्याचे पहिल्याच परिच्छेदात सांगा.

धागाकर्ती

मनापासून आभार. सत्तीचे दोन्ही पत्ते शेजारी ठेवून काढलेला फोटो आजच तिला पाठवला आणि मुलाम्याबद्दलही विचारले. परीक्षण पुढच्या रविवारपर्यंत थांबवते. ‘चंद्र’ मी खिडकीतल्या सकाळच्या उन्हात आणि रात्री ट्यूबलाइटखाली असा दोनदा टिपला आहे. उन्हात त्यातले पाणी आणि काठावरचा कुत्रा स्वच्छ दिसतो, रात्री दोन्ही नाहीसे होतात. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावायचे ठरवते आहे. कोणाला यात तिच्यावर अन्याय होतो असे वाटत असेल तर कृपया रविवारपूर्वी सांगावे.